आरोग्य पाठ : कडेची नजर कमी होणे कसे ओळखावे?



नेत्र शिबिरात भिंतीवर तक्ता लावतात आणि अक्षरे वाचायला सांगतात. शेवटची ओळ वाचली की "नजर चांगली आहे" असे ऐकून माणूस समाधानाने घरी जातो. पण हा तक्ता फक्त समोरची नजर तपासतो. डोळ्याला कडेचीही नजर असते. ती पुष्कळशी गेली तरी तक्ता शेवटपर्यंत वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, शास्त्रातली बारीक अक्षरेही दिसतात. म्हणून हा आजार शिबिरातून निसटतो आणि घरातही निसटतो.

किनवट-माहूरच्या गुड्यांवर आणि पोडांवर, तसेच लातूरकडच्या वस्त्यांवर आपण घरोघर जातो. डोळ्यांचा डॉक्टर तिथे रोज येत नाही, आपण मात्र जातो. म्हणून हा पाठ सेवक-सेविका, आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटातील भगिनींसाठी आहे.

१. कडेची नजर म्हणजे काय?

समोरच्या खुंटीकडे टक लावून पाहा. डोळे न हलवता दाराजवळ कोणी आले तरी तुम्हाला चाहूल लागते. ती कडेची नजर. एका डोळ्याला बाहेरच्या बाजूला सुमारे ९० अंश, वर आणि नाकाच्या बाजूला सुमारे ६० अंश आणि खाली सुमारे ७० अंशांपर्यंत दिसते. दोन्ही डोळे मिळून जवळजवळ १८० अंश, म्हणजे अर्धे वर्तुळ भरते.

यातला अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहा. जवळपास तेवढाच भाग आपण बारकाईने पाहतो. बाकी सगळे कडेची नजर सांभाळते. पायाखालचा दगड, गवतातली सापाची हालचाल, बाजूने येणारी मोटारसायकल, धावत आलेले लेकरू हे सगळे आधी तिलाच कळते. मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या, उतारावरून पाण्याचा हंडा आणणाऱ्या बाईला तक्त्याच्या शेवटच्या ओळीपेक्षा या नजरेची गरज जास्त असते. ऊसतोडीच्या फडात दोन्ही बाजूंना कोयते चालू असतात. तिथेही तसेच.

२. ज्याची नजर जाते त्याला का कळत नाही?

याची तीन कारणे आहेत. पहिले, ही नजर बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू कमी होते. दुसरे, एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे: न दिसणारा भाग काळा दिसत नाही. आजूबाजूला जे दिसते त्यावरून मेंदू ती जागा स्वतःच भरून टाकतो.

गटात हा प्रयोग करून पाहा. कागदावर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे चार बोटांच्या अंतरावर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. सुमारे एक फुटावर ठिपका नाहीसा होईल आणि त्या जागी कोरा कागद दिसेल. दृष्टीची नस डोळ्याच्या पडद्यातून जिथे बाहेर पडते तिथे आपल्या सर्वांनाच दिसत नाही. जन्मभर ही उणीव सोबत असूनही आपल्याला ती कधी जाणवली नाही. काचबिंदू झालेल्याचे असेच होते, फक्त त्याची ही जागा वाढत जाते.

३. कारणे कोणती?

सर्वांत मोठे कारण काचबिंदू. डोळ्यात एक पाणी सतत तयार होते आणि बारीक वाटेने बाहेर जाते. ती वाट अडली की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागच्या नसेचे तंतू मरू लागतात. या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. दाब साधारण १० ते २१ असतो, पण काही जणांत दाब या मर्यादेत असूनही नस खराब होते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही पाहावी लागते.

आपल्या भागात मोतीबिंदू घरोघर माहीत आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा कामामुळे "ऑपरेशन केले की दिसते" हा विश्वास खेड्यापाड्यांत रुजला, आणि तो योग्यच आहे. पण काचबिंदूला तो लागू पडत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग धूसर होते, ते बदलता येते. काचबिंदूत नस जाते, ती बदलता येत नाही. "अजून पिकू द्या, मग ऑपरेशन करू" असे म्हणत दोन वर्षे थांबलेल्या माणसाला खरे तर काचबिंदू असेल, तर त्या दोन वर्षांत गेलेली नजर परत मिळत नाही. दक्षिण भारतातील पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नव्हते.

काचबिंदूचा धोका कोणाला जास्त? चाळिशी ओलांडलेल्यांना, आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल त्यांना, मधुमेह असलेल्यांना, मोठ्या उणे नंबरचा चष्मा असलेल्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना. उसाचे पान किंवा काटा लागून डोळ्याला इजा झाली असेल तर जखम भरल्यावरही डॉक्टरांना दाखवत राहावे. डोळे आले किंवा खाज सुटली म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन् महिने घालणाऱ्यांचाही दाब वाढतो. घरात अशी बाटली दिसली तर जरूर विचारा.

दुसरे कारण रातांधळेपणाचा आनुवंशिक आजार. यात लहानपणी किंवा तरुणपणी संध्याकाळनंतर दिसणे कमी होते आणि मग नजरेचे वर्तुळ आकसत जाते. नात्यात लग्ने होतात अशा घराण्यांत तो जास्त आढळतो. मूल रात्री चाचपडत असेल तर दोन शक्यता असतात. 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर उपचाराने मूल बरे होते. हा दुसरा आजार असेल तर शाळा आणि पुढील आयुष्य यांची आखणी लवकर करावी लागते. कोणता आहे हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

काही प्रसंगी एक दिवसही थांबू नये. डोळ्यात अचानक विजा चमकल्यासारखे दिसणे, काळे ठिपके तरंगणे आणि एका बाजूने पडदा सरकत येणे म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा सुटत असू शकतो. डोळा लाल होऊन खूप दुखणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे आणि उलट्या होणे हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. याला पित्त समजून घरी बसवू नका. एकाएकी उजवीकडचे किंवा डावीकडचे अर्धे दिसेनासे झाले, सोबत तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला तर तो मेंदूचा झटका समजून तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

४. घरात आणि वस्तीत काय पाहावे?

माणूस "मला कडेने दिसत नाही" असे कधीच म्हणणार नाही. त्याचे वागणे ते सांगते. चौकटीला, बाजेला, बैलाच्या शिंगाला वारंवार त्याच बाजूने धडकणे, पायरी चुकणे, ताटाच्या कडेची भाकर न दिसणे, बाजूने हाक मारणाऱ्याकडे भलतीकडे वळून पाहणे, गर्दीच्या बाजारात जायचे टाळणे, तिन्हीसांजेनंतर घराबाहेर न पडणे, रस्ता ओलांडताना गाडी अगदी जवळ आल्यावर दचकणे.

अशा माणसाला वस्ती लवकर नाव ठेवते. "सकाळीच पिऊन आला" म्हणतात, "सून धांदरट आहे" म्हणतात, "ओळख देत नाही, गर्व झाला" म्हणतात. कोणी बाहेरची बाधा ठरवून खर्चात पाडते. तोच माणूस सुईत दोरा ओवतो, म्हणून घरच्यांना वाटते की हा सोंग करतो. इथे आपण मध्ये पडले पाहिजे. आधी डोळे तपासू या, मग बोलू या, एवढे जरी आपण घरच्यांना पटवले तरी एका माणसाची अब्रू आणि कदाचित नजरही वाचते.

५. हाताच्या बोटांनी तपासणी

या तपासणीला यंत्र लागत नाही. उजेडात समोरासमोर, एक मीटर अंतरावर, डोळे एका उंचीवर येतील असे बसा.

• समोरच्याला तळहाताने डावा डोळा झाकायला सांगा. आपण आपला उजवा डोळा मिटा. त्याने आपल्या उघड्या डोळ्याकडेच पाहत राहायचे.

• आपला हात दोघांच्या बरोबर मध्यावर ठेवून वर-उजवीकडे, वर-डावीकडे, खाली-उजवीकडे आणि खाली-डावीकडे अशा चार कोपऱ्यांत एक, दोन किंवा पाच बोटे दाखवा आणि किती ते विचारा.

• मग बोट हलवत बाहेरून आत आणा. दिसताच "दिसले" म्हणायला सांगा. आपल्याला दिसले आणि त्याला बरेच उशिरा दिसले तर ती बाजू लिहून ठेवा.

• नंतर दुसरा डोळा तपासा. दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवून तपासणी कधीच करू नका.

एक सावधगिरी ठेवा. या तपासणीत मोठी उणीव तेवढी सापडते, सुरुवातीचा काचबिंदू सापडत नाही. बोटे बरोबर मोजली म्हणून "तुम्हाला काही नाही" असे सांगू नका. वर सांगितलेला धोका असलेल्या प्रत्येकाला दवाखान्यात पाठवायचेच.

६. कुठे न्यावे, काय विचारावे?

प्रथम जवळच्या सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी येतात ते विचारा. पुढील तपासणीसाठी नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि उदगीरचे उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय आहे. किनवट-माहूरहून नांदेडला जायचे तर मजुरीचा अख्खा दिवस बुडतो. म्हणून चार-पाच रुग्णांना एकत्र न्यावे आणि आधी फोन करून वार विचारावा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: दाब, नस आणि फिल्ड तपासून हवे आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी हवे.

काचबिंदू निघाला तर बहुधा थेंब देतात. काहींना लेसर किंवा शस्त्रक्रिया लागते. ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. दम्याच्या रुग्णाने आपला आजार आधीच सांगावा, कारण टिमोलॉलसारखे काही थेंब त्याला चालत नाहीत.

खरी अडचण पुढे येते. थेंब घालून नजर वाढत नाही. महिना-दोन महिन्यांनी माणूस म्हणतो, "फरक तर काहीच नाही," आणि बाटली संपली की नवी आणत नाही. त्याला पहिल्याच दिवशी सांगा: हे औषध उरलेले राखण्यासाठी आहे. शेताला कुंपण घातल्याने पीक वाढत नाही, पण कुंपण काढले तर उरलेलेही जाते. गृहभेटीत बाटली पाहायला मागा, थेंब घालायला कोण मदत करते ते विचारा, भावंडांची तपासणी झाली का ते पाहा.

७. नजर गेलेली असेल तर

हात सरळ पुढे करून मूठ वळा. ती मूठ जेवढी जागा झाकते ती साधारण १० अंश. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात नजरेचे क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व, आणि १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी धरले आहे. म्हणजे तक्ता वाचता आला तरी हक्क संपत नाही. फिल्डचा कागद जपून ठेवा, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठीही ते कामी येते.

घरात वस्तूंच्या जागा बदलू नका. वाटेतली बाज, हंडा, सरपण बाजूला ठेवा. पायरीच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ ओढा. चालताना मान दोन्हीकडे वळवून पाहायची सवय लावा. मोटारसायकल मात्र चालवू देऊ नका.

गटात चर्चेसाठी

१. वर्तमानपत्राच्या दोन अरुंद नळ्या करून दोन्ही डोळ्यांना लावा आणि सोबतीला हात धरायला घेऊन अंगणात दहा पावले चाला. काय दिसले नाही?

२. आपल्या वस्तीत "धांदरट" किंवा "पिणारा" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोणाचे डोळे अजून तपासलेले नाहीत?

३. मोतीबिंदू "पिकण्याची" वाट पाहणारे कोण कोण आहेत? त्यांची नावे लिहा आणि या महिन्यात नेण्याचा दिवस ठरवा.

४. कोणाच्या घरी काचबिंदूचे थेंब चालू आहेत? पुढची बाटली आणायला कोण जाणार?