समुद्रतटाच्या प्रवासाचा बेत कसा आखावा?



अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पॅसिफिक महासागराच्या काठाकाठाने जाणारा सुमारे 650 मैलांचा एक राजमार्ग आहे. एका बाजूस अथांग सागर व दुसऱ्या बाजूस उंच कडे, अशी त्याची ख्याती आहे. भूगोलाच्या तासास त्याचे वर्णन ऐकून पुष्कळ विद्यार्थी विचारतात, 'असा प्रवास आपणांस कधी घडेल?' आमचे उत्तर असे की, अमेरिका दूर असली तरी समुद्राचा रस्ता आपल्या दारावरूनच जातो. नागपूरहून निघणारा महामार्ग नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर व तुळजापूर या गावांवरून सोलापुरास येतो आणि पुढे मिरज व कोल्हापूर ओलांडून रत्नागिरीस अरबी समुद्राला भेटतो. मात्र आपण पठारावरील माणसे. समुद्राचा स्वभाव आपणांस ठाऊक नाही. म्हणून निघण्यापूर्वी बेत नीट आखला पाहिजे.

प्रथम अंतराचा विचार करू. नांदेडहून रत्नागिरी सहाशे किलोमीटरांहून अधिक आहे. एका दमात ते कापण्याचा हव्यास धरू नये. पहिला मुक्काम सोलापुरास, दुसरा कोल्हापुरास, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात आंबा घाट उतरावा, हे बरे. वाटेत मिरजेस अवश्य थांबावे. 2016 च्या एप्रिल महिन्यात लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले असता याच मिरजेहून आगगाडीने पाणी आले; पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर. ज्या गावाने आपली तहान भागविली ते गाव मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असावे.

रत्नागिरीपासून उत्तरेस वळले की दुसरा धडा सुरू होतो. नकाशावर पट्टी ठेवून किनाऱ्याचे अंतर मोजू जाल तर फसाल. भारताच्या किनाऱ्याची लांबी पूर्वी 7,516 किलोमीटर धरीत असत. अलीकडे अधिक सूक्ष्म नकाशावर मोजता ती 11,098 किलोमीटर भरली. समुद्र काही वाढला नाही. मुख्यत्वे खाड्यांची व बेटांची बारीक वळणे गणतीत आली. ही वळणे प्रवाशासही भोगावी लागतात. जयगड व तवसाळ, दाभोळ व धोपावे, वेशवी व बागमांडला, दिघी व आगरदांडा या जोडगावांमध्ये खाड्या आडव्या येतात, आणि फेरीबोटीवर गाडी चढवून त्या ओलांडण्याचा परिपाठ आहे. बोट चुकली तर खाडीला दुरून वळसा घालावा लागतो. यास्तव किनाऱ्यावर दिवसाचा हिशेब किलोमीटरांनी न करता तासांनी करावा, आणि बोटीची शेवटची खेप केव्हा सुटते हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

तिसरी गोष्ट ऋतूची. आपल्याकडे पाऊस म्हणजे आनंद. कोकणात तो रस्ता व पूल यांची परीक्षा घेतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या गाड्याही गेल्या. वर सांगितलेल्या अमेरिकन मार्गाचेही असेच आहे. 2017 च्या मे महिन्यात त्यावर डोंगराचा कडा कोसळला, आणि तो भाग पुन्हा खुला होण्यास 2018 चा जुलै उजाडला. म्हणून प्रथमच जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट भरती-ओहोटीची. समुद्र दिवसातून दोन वेळा चढतो व दोन वेळा उतरतो. कोकणातील लोक त्याचे सोपे गणित करतात: पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस भरती दुपारी व मध्यरात्री येते, आणि त्या दिवसांत उधाणही मोठे असते. हे गणित स्थूल आहे. नेमकी वेळ छापील कोष्टकात पाहावी किंवा तेथील कोळी बांधवांस विचारावी.

हे आम्ही आग्रहाने का सांगतो? 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्या दिवशी वादळ नव्हते, पावसाळाही नव्हता. गोदावरीच्या डोहात उत्तम पोहणाऱ्या मुलासही समुद्राच्या ओढीची कल्पना नसते. यास्तव आमचा नियम असा: गुडघ्याहून खोल पाण्यात कोणीही जाऊ नये, ओहोटी सुरू असता कोणीही पाण्यात शिरू नये, आणि स्थानिक माणसाने 'नको' म्हटले की तेथेच पाऊल थांबवावे. पालकांनी आपली मुले आमच्या हाती सोपविली म्हणजे जितकी नेली तितकी परत आणणे हे आमचे पहिले कर्तव्य होय. किल्ले आणि देखावे त्यानंतर.

स्वाध्याय: (1) नकाशा घेऊन आपल्या गावापासून रत्नागिरीपर्यंतचे मुक्काम लिहा. (2) येत्या चतुर्थीस भरती किती वाजता येईल, ते गणिताने काढा. (3) रत्नागिरीहून निघून दाभोळची खाडी दिवसाउजेडी ओलांडावयाची आहे. तर सकाळी किती वाजता निघावे, हे आपल्या आईवडिलांशी बसून ठरवा. तिन्ही उत्तरे वहीत लिहून वर्गात आणा. सहलीचा बेत त्यांवरूनच आखू.