गिरणी बंद पडली, मजुराचा हक्क बंद पडत नाही

औंढा नागनाथच्या बाजारपेठेत बसून आम्ही कापडाचा व्यापार करतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा माल आमच्या दुकानांत येतो. त्या मालामागे मजुराचे हात असतात, हे आपण विसरतो. कारखाना बंद पडला, की त्या हातांचे काय होते? सरकारकडून त्यांना काय मिळू शकते? आपल्या भागातील मुले कामासाठी बाहेर जातात, म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

परदेशातील तऱ्हा

अमेरिकेत १९६२ च्या व्यापार कायद्याने एक नवी तरतूद झाली. परदेशी मालामुळे ज्याचा रोजगार गेला, त्याला रोख मदत आणि नव्या कामाचे शिक्षण देण्याची ती योजना होती. १९७४ च्या कायद्याने तिचा विस्तार झाला. पुढे कारखाना परदेशी हलल्यामुळे बेकार झालेलेही तीत आले. मात्र योजनेची मुदत संपल्यामुळे १ जुलै २०२२ पासून तेथे नवे अर्ज मंजूर होणे थांबले. यावरून सबक घ्यावा, की सरकारी योजना कायमची नसते. हक्क असेल तेव्हा वेळेवर मागावा.

आपल्याकडील गिरण्या

आपल्या कायद्यात "काम परदेशी गेले" असे वेगळे कलम नाही. आपल्याकडे कारखाना बंद झाला का आणि मजुराची नोंद होती का, एवढेच पाहतात. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. अनेकांना पुन्हा काम मिळाले नाही. विणकाम यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले. १ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापारातील कापडाचा कोटा उठला आणि परदेशी मालाशी चढाओढ वाढली.

१५ सप्टेंबर १९८६ रोजी केंद्र सरकारने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू केली. ६ जून १९८५ नंतर कायमच्या बंद पडलेल्या खासगी गिरण्यांच्या कामगारांसाठी ती होती. पाच वर्षे सलग नोकरी ही अट होती. ठरलेल्या पगाराच्या पहिल्या वर्षी ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत मिळे. नवी नोकरी लागली की मदत थांबे. १ एप्रिल २०१७ पासून ही योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली.

राज्य विमा योजनेचा आधार

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ रोजी सुरू झाली. ठरावीक मुदत वर्गणी भरलेल्या मजुराला, कारखाना बंद झाल्यास किंवा छाटणी झाल्यास, भत्ता मिळतो. पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. त्या काळात कुटुंबाला दवाखान्याची सोयही मिळते. २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून शाखा कार्यालयात चौकशी करूनच अर्ज करावा.

मालकाकडून येणे

सरकारी मदतीशिवाय मालकाकडूनही येणे असते. छाटणीत प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई मिळते. ग्रॅच्युइटी वेगळी, पाच वर्षे सेवा झाली, की वर्षाला १५ दिवसांचा पगार, पण महिना २६ दिवसांचा धरून. दरमहा १३,००० रुपये पगाराच्या मजुराची १८ वर्षे सेवा झाली असे समजू. भरपाई ६,५०० गुणिले १८, म्हणजे १,१७,००० रुपये. ग्रॅच्युइटी ७,५०० गुणिले १८, म्हणजे १,३५,००० रुपये. दोन्ही मिळून २,५२,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधी याहून वेगळा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, छाटणी झालेल्या मजुराच्या नव्या शिक्षणासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार भरावा, अशी तरतूद केली.

कागद हीच पुंजी

यंत्रमागाच्या शेडमध्ये, शिलाईच्या खोलीत कित्येक मजुरांची नोंदच नसते. पगार रोख, पावती नाही, विमा नाही. असे काम बंद पडले, की वर सांगितलेले हक्क मागताना तो मजूर तिथे होता हे सिद्ध करणेच कठीण होते. म्हणून मजुराने हजेरीपत्रक, पगाराची पावती, विमा क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि नेमणुकीचे पत्र घरी जपून ठेवावे. नावाचे स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच असावे. एका अक्षराच्या फरकानेही पैसे अडकतात.

आम्हा व्यापाऱ्यांनाही सांगणे आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला राज्य विमा लागू होतो. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या ३.२५ टक्के, मजुराची ०.७५ टक्के ठरली. शंभर रुपयांमागे सव्वातीन रुपये, एवढा हा खर्च. आज एवढे वाचवणाऱ्या मालकाचा मजूर उद्या शेड बंद पडल्यावर रिकाम्या हाताने गावी परततो. घाम गाळणाऱ्याची मजुरी जशी बाकी ठेवू नये, तशी त्याची नोंदही बाकी ठेवू नये.