मोसमच्या खोऱ्यातलं वळण

सटाण्याच्या पोराला डोंगरांची ओळख करून द्यावी लागत नाही. साल्हेर, मुल्हेर, मांगीतुंगी मी शाळेत असतानाच पायी चढलो होतो. त्याच भरवशावर एका जुलैत, लॉगबुकात जेमतेम नव्वद तास असताना, खानदेशातून नाशिककडे निघालेलं सेसना १७२ मालेगाववरून सरळ न नेता मी घराच्या बाजूला वळवलं. त्या दुपारने आणि पुढे शिकवण्यात गेलेल्या वर्षांनी जे पदरात टाकलं, ते नव्या पोरांसाठी लिहून ठेवतोय.

१. पायी ओळखीचा डोंगर वरून ओळखू येतोच असं नाही. नामपूर, जायखेडा, ताहाराबाद असा मी मोसम नदी धरून पश्चिमेला गेलो. खोरं दोन्ही बाजूंनी आवळत जातं आणि जमीन गुपचूप वर येत राहते. माझी उंची तेवढीच होती, खालचं अंतर मात्र कमी होत होतं. साल्हेरचा माथा १५६७ मीटर, म्हणजे पाच हजार फुटांहून जास्त. त्या दिवशी ढग त्याच्याही बरेच खाली टेकलेले. जिथे किल्ला दिसायला हवा तिथे नुसता करडा पडदा.

२. वारा कुठून येतोय ते आधी पाहा. पावसाळी वारा पश्चिमेचा. पलीकडून चढतो आणि माथा ओलांडला की आपल्या बाजूला खाली कोसळतो. पूर्वेकडून डोंगराला भिडणारं विमान नेमकं त्या उतरत्या हवेत शिरतं. हे लहान विमान समुद्रसपाटीला मिनिटाला साधारण ७०० फूट चढतं, उंचीवर त्याहून कमी. मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला, इंजिनाचा आवाज ठणठणीत, आणि तरी सुई उतरण दाखवत होती. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो. रांग ओलांडायचीच तर माथ्यापेक्षा २००० फूट वर राहा आणि ४५ अंशांत तिरके जा, म्हणजे थोडं वळलं तरी पाठ फिरवता येते.

३. वळायला जागा आहे तोवर वळा. खोऱ्यात एका कडेने उडावं, म्हणजे वळताना पूर्ण रुंदी हाताशी राहते. मी मधोमध होतो. मग जास्त कलावं लागलं, आणि ६० अंश कललं की स्टॉलचा वेग चाळीसेक टक्क्यांनी वाढतो. स्टॉलचा इशारा देणारा भोंगा वाजत होता. डाव्या खिडकीत भाताचं खाचर आलं, त्यात घोंगडीची खोळ घेतलेला एक माणूस वर बघत उभा. त्याच्या हातातली रोपांची जुडी मला दिसली. इतका खाली होतो मी.

४. ‘एवढा एक ढग पार करू’ असं म्हणू नका. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर विमान ताब्यातून सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. डोळ्यांना क्षितिज नसलं की कानातला तोल खोटं सांगतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं. अनपेक्षित बदललेल्या हवेत ढगात शिरणं आणि वैमानिकाचा दिशाभ्रम, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

५. मोठी विमानंही यातून सुटलेली नाहीत. १२ जुलै १९४९, घाटकोपरची टेकडी, केएलएमचं विमान, ४५ मृत्यू. ७ जुलै १९६२, जुन्नरजवळचा डोंगर, अलितालियाचं डीसी-८, ९४ मृत्यू. दोन्ही जुलैतले.

६. ठरलेला मार्ग सोडू नका, सोडावाच लागला तर रेडिओवर सांगा. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पडलो असतो तर शोध मालेगावच्या बाजूला झाला असता. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात सातपुड्यात प्रशिक्षणाचं विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले, जखमी शिकाऊ मुलीला गावकऱ्यांनी झोळी करून खांद्यावरून खाली आणलं. डोंगरात मदत पायी येते, आणि तीही कुणाला ठिकाण कळलं तर.

त्या संध्याकाळी घरी फोन केला. आमचं शेत ताहाराबादच्या रस्त्याला. दादा म्हणाले, “दुपारी एक विमान फारच खालून गेलं रे. आभाळ भरलेलं. कोणाचं पोर असेल, नीट पोचलं असेल ना?”

पोचलं असेल, म्हणालो. खरं सांगायला मला पुढे अकरा वर्षं लागली.