सोटेर, त्रातार आणि मार्गदाता
(धम्म-अभ्यास वर्गासाठी पाठ)

गेल्या ६ डिसेंबरला आमच्या विहारात महापरिनिर्वाण दिनाचा अभिवादन कार्यक्रम झाला. भाषणाचा समारोप करताना एक वयोवृद्ध उपासक गहिवरून म्हणाले, "समाजाची आजची दशा पाहिली म्हणजे वाटते, आता पुन्हा एक बाबासाहेब जन्माला यायला हवेत." टाळ्या झाल्या, वंदना झाली, लोक घरोघर गेले. पुढच्या रविवारी अभ्यास वर्गात नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ते येईपर्यंत आपण काय करायचे?"

प्रश्न लहान आहे; परंतु धम्म आणि इतर धर्म यांतला भेद त्यात सामावलेला आहे. उत्तर देण्यासाठी मी मुलांना इतिहासातील एका पदवीची गोष्ट सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने मांडतो.

पदवी कोठून आली?

ग्रीक भाषेत ‘सोटेर’ हा एक शब्द आहे. त्याचा अर्थ वाचविणारा, तारणारा. आरंभी ही पदवी देवांची होती. संकटात सापडलेले ग्रीक लोक झ्यूस या आपल्या थोर देवाला या नावाने आळवीत. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावला. त्याच्या सेनापतींनी राज्य वाटून घेतले आणि देवाची ही पदवी हळूहळू राजांच्या अंगावर चढली.

ती कशी चढली ते पाहण्यासारखे आहे. इ.स.पू. ३०७ मध्ये डेमेट्रियस नावाच्या सरदाराने अथेन्स शहर शत्रूच्या हातून सोडविले. अथेन्सच्या लोकांनी त्याला व त्याच्या बापाला ‘सोटेर’ म्हणून गौरविले आणि देवासारखा मान दिला. दोनच वर्षांनी याच डेमेट्रियसने ऱ्होड्स बेटाच्या शहराला वेढा घातला. त्या वेळी ऱ्होड्सच्या लोकांना इजिप्तच्या टॉलेमी राजाने मदत केली. म्हणून त्यांनी टॉलेमीला ‘सोटेर’ ही पदवी दिली, असे पौसानियस हा ग्रीक लेखक सांगतो. म्हणजे एका शहराचा तारणहार तोच दुसऱ्या शहराचा मारणहार! याच टॉलेमीच्या वंशात पुढे आठवा टॉलेमी झाला. त्याने ‘एउएर्गेटीस’ म्हणजे ‘उपकारकर्ता’ ही पदवी धारण केली. त्याने अलेक्झांड्रियातील विद्वानांना देशोधडीला लावले. तेव्हा प्रजेने त्याच पदवीतली दोन अक्षरे फिरवून त्याला ‘काकेर्गेटीस’, म्हणजे ‘अपकारकर्ता’, असे नाव ठेवले. पदवी राजा घेतो. तिचा खरा अर्थ प्रजा ठरविते.

‘सोटेर’ भारतात येतो

ग्रीकांना आपल्याकडे यवन किंवा योनक म्हणत. बॅक्ट्रियातून ते हिंदुकुश ओलांडून खाली आले आणि आजच्या अफगाणिस्तान-पंजाबच्या भागात त्यांची राज्ये झाली. त्यांच्या राजांनी दोन भाषांतील नाणी पाडली. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. या राजांपैकी सर्वांत प्रसिद्ध मिनँडर. तो इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास राज्य करीत होता. त्याच्या नाण्यावर ग्रीक बाजूस ‘सोटेर’ आहे, तर प्राकृत बाजूस ‘महाराजस त्रतरस मेनंद्रस’ अशी अक्षरे आहेत. ‘त्रतर’ म्हणजे ‘त्रातार’, म्हणजे आपल्या मराठीतील त्राता. दुसरी एक ग्रीक पदवी होती ‘डिकाइओस’, म्हणजे न्यायी. हेलिओक्लीस नावाच्या राजाच्या नाण्यावर तिचे भाषांतर ‘ध्रमिक’ असे केलेले आहे. न्यायी या अर्थाचा परका शब्द आपल्या भूमीत आणायचा तर ‘धम्म’ हाच शब्द जवळचा वाटला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हाच मिनँडर म्हणजे पाली ‘मिलिन्दपञ्ह’ या ग्रंथातील राजा मिलिंद. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट.

पदवी खाली ठेवणारा राजा

आता नाण्यावरचा मिलिंद आणि ग्रंथातला मिलिंद यांची तुलना करा. नाण्यावरचा मिलिंद स्वतःला त्राता म्हणवितो. ग्रंथातला मिलिंद प्रश्न विचारतो. तो एका भिक्खूसमोर येऊन बसतो आणि त्यांचे नाव विचारतो. भदंत नागसेन सांगतात की, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ते केवळ व्यवहाराचे नाव आहे. त्या नावामागे कोणी नित्य आत्मा नाही. राजा चकित होतो. तेव्हा नागसेन विचारतात, महाराज, आपण रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी स्वतःच कबूल करतो की, हे सर्व भाग एकत्र आले म्हणजे ‘रथ’ हे नाव पडते.

ज्या राजाच्या नावामागे मोठी पदवी लागलेली आहे, त्याच्यासमोर हा युक्तिवाद मांडणे साधे धाडस नव्हे. नावच जर व्यवहारापुरते, तर नावाला चिकटलेल्या पदवीचे काय?

पुढे याहून महत्त्वाचा प्रसंग येतो. पुन्हा वाद करण्याची इच्छा राजा दाखवितो, तेव्हा नागसेन अट घालतात की, पंडितासारखा वाद करणार असाल तर करू; राजासारखा करणार असाल तर नाही. दोहोंत फरक काय, असे राजा विचारतो. नागसेनांच्या उत्तराचा सारांश असा : पंडितांच्या वादात एकमेकांचे म्हणणे खोडले जाते, चुका दाखविल्या जातात, तरी कोणी रागावत नाही. राजा मात्र एक मत मांडतो आणि जो विरोध करील त्याला दंड करतो. मिलिंद म्हणतो, मी पंडितासारखाच बोलेन. भदंतांनी निर्भयपणे बोलावे. ‘त्राता’ ही पदवी त्या क्षणी जमिनीवर ठेवली गेली. ग्रंथाच्या शेवटी असे सांगितले आहे की, मिलिंदाने राज्य मुलाकडे सोपवून प्रव्रज्या घेतली व तो अर्हत झाला. प्लुटार्क हा ग्रीक लेखकही नोंदवितो की, मिनँडर न्यायाने राज्य करी, आणि तो वारल्यावर निरनिराळ्या शहरांनी त्याची रक्षा वाटून घेऊन त्यावर स्मारके उभारली. तथागतांच्या अस्थींची वाटणी झाली होती, त्याचे येथे स्मरण होते.

महाराष्ट्रातील यवन

आमच्या महाराष्ट्रात यवन राजांची गादी नव्हती. पण यवन उपासक होते. कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने दर्शनी भाग करविला. नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाचा लेख आहे. त्याच्या बापाचे नाव धम्मदेव. या लेखांत कोणी स्वतःला ‘सोटेर’ म्हणविले नाही. अमक्याने अमके दिले, एवढेच लिहिले.

जुन्नरच्या त्या दोन टाक्यांवर क्षणभर थांबावेसे वाटते. परमुलखाचा एक माणूस या भूमीत येतो, धम्म स्वीकारतो आणि तहानलेल्यासाठी पाणी ठेवतो. त्याच भूमीत पुढे अशी समाजव्यवस्था आली की, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी आमच्या पूर्वजांना सत्याग्रह करावा लागला.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवर त्याचे नाव ग्रीक अक्षरांतही होते. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून पुन्हा चालविली होती. राजाच्या नावावर दुसऱ्या राजाचा ठसा बसतो. इरिलच्या टाक्यावर कोणी ठसा मारला नाही.

पदवीचा पुढला प्रवास

कुषाण काळात एका राजाने ‘सोटेर मेगास’, म्हणजे ‘महान त्राता’, अशी नाणी पाडली. पण त्यांवर आपले नावच घातले नाही! तो कोण, यावर विद्वान पुष्कळ काळ वाद घालीत राहिले. १९९३ साली अफगाणिस्तानात रबातक येथे शिलालेख सापडल्यानंतर तो विम ताक्तो असावा, असे मत रूढ झाले. पदवी उरली, माणूस हरवला.

पश्चिमेकडे रोमन बादशहांना ग्रीक शहरे हीच पदवी देत. त्याच सुमारास ग्रीक भाषेत लिहिलेल्या नव्या करारात येशू ख्रिस्ताला ‘सोटेर’ म्हटले गेले. मराठी ख्रिस्ती बांधव त्यालाच तारणारा म्हणतात. देवाकडून राजाकडे गेलेला शब्द पुन्हा देवत्वाकडे परतला.

आमच्या महालाचेच उदाहरण घ्या. नागपूरच्या भोसल्यांना ‘सेनासाहेब सुभा’ ही मोठी पदवी होती. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. पदवीने गादी राखली नाही. आज महालातल्या मुलांना ती पदवी ठाऊक नसते; वस्तीचे नाव मात्र राहिले आहे.

धम्मात त्राता आहे काय?

बाबासाहेबांनी १९५० साली ‘बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य’ या इंग्रजी लेखात धर्मसंस्थापकांची तुलना केली. तीत त्यांनी दाखविले की, तथागतांनी स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले. हाच विचार १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी विस्ताराने मांडला. मार्ग दाखविणे गुरूचे काम. चालणे ज्याचे त्याचे.

कोणी विचारील, मग आम्ही रोज तिसरण म्हणतो ते काय? तिसरण म्हणजे हात जोडून तारणाची वाट पाहणे नव्हे. पहिले सरण वाट दाखविणाऱ्याचे, दुसरे वाटेचे, तिसरे बरोबर चालणाऱ्यांचे. आणि अखेरच्या दिवसांत आनंदाला उपदेश करताना तथागतांनी सांगितले ते हेच की, स्वतःवर व धम्मावर विसंबा. अन्य कोणावर नको.

राजकारणातही बाबासाहेबांनी हेच बजाविले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ते म्हणाले की, धर्मातील भक्ती एखाद्याला मुक्तीकडे नेत असेल. पण राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत देव अवतार घेतो ही कल्पनाच नाकारली आहे. आणि त्या प्रतिज्ञा लाखो माणसांनी आपापल्या तोंडाने उच्चारल्या. दीक्षा कोणाला दिलेले तारण नव्हते. ती प्रत्येकाने घेतलेली जबाबदारी होती.

आणखी एक गोष्ट. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले. ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. त्राता म्हणवून घेणारा मिलिंद नव्हे, तर प्रश्न विचारणारा मिलिंद आणि निर्भयपणे उत्तर देणारे नागसेन. विद्यार्थ्यांपुढे ही जोडी ठेवण्यात केवढा अर्थ आहे!

माझ्या घरातली गोष्ट

माझी माय आजही म्हणते, "बाबासायबानं तारलं आपल्याले." तिला शाळा मिळाली नाही. बिड्या वळून तिने मला बी.ए., बी.एड. केले; आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिलाच. तिच्या तोंडचा शब्द दुरुस्त करण्याची माझी छाती होत नाही, आणि तशी गरजही नाही. तो कृतज्ञतेचा शब्द आहे. पण त्या वाक्याचा अर्धा भाग ती सांगत नाही, तो मी मुलांना सांगतो. बाबासाहेबांनी वाट दाखविली. रात्री दिव्याखाली बसून त्या वाटेने चालली ती माझी माय. ती चालली नसती तर वाट तेथेच राहिली असती आणि मीही.

म्हणून त्या वयोवृद्ध उपासकांचा मान राखून मी नम्रपणे म्हणेन की, पुन्हा बाबासाहेब जन्माला येण्याची वाट पाहणे म्हणजे त्यांना नकळत ‘सोटेर’ करून ठेवणे होय. त्यांना पदवी देऊन आम्ही मोकळे होतो. आणि त्या मुलीला मी दिलेले उत्तर असे : "कोणी येईपर्यंत थांबायचे नाही. वाट दाखविलेली आहे. या वर्षी दहावीच्या गणितात अडलेली आपल्या वस्तीतली मुले किती, ते मोजून ये." ती पुढच्या रविवारी यादी घेऊन आली. आता मंगळवारी व शुक्रवारी विहारात गणिताचा वर्ग चालतो. खालच्या मुलांना तीही शिकविते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘सोटेर’ ही पदवी देवाकडून राजाकडे कशी आली? डेमेट्रियसच्या उदाहरणावरून काय दिसते?
२. पंडितवाद व राजवाद यांत भेद कोणता? आपल्या विहाराच्या सभांत कोणता वाद चालतो?
३. जुन्नर व कार्ले येथील यवन दात्यांनी आपल्यामागे काय ठेवले?
४. मार्गदाता व मोक्षदाता यांतील फरक आपल्या घरातील उदाहरणाने सांगा.
५. आपल्या वस्तीत कोणाची वाट न पाहता उद्या सुरू करता येईल असे एक काम लिहा.

जयभीम!