बांधणीआधी तपासणी



आंतरहाउस स्पर्धेचा गुणफलक संगणकावर दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. पडद्यावर लाल हाउस पहिले आले. प्रत्यक्षात लाल हाउसचे 9 आणि 12 मिळून 21 गुण होते आणि निळ्या हाउसचे 15 आणि 8 मिळून 23. निळ्या हाउसची धाकटी मुले गप्प उठून गेली. चूक माझी होती.

दिवाळीच्या सुट्टीत भिलाईला, सेक्टर 10 मधल्या घरी, मी ती शोधली. पानावरच्या चौकटीत भरलेला आकडा ब्राउझर अक्षरे म्हणून देतो. अक्षरांमध्ये अधिकचे चिन्ह घातले की बेरीज होत नाही, ती शेजारी शेजारी जोडली जातात. म्हणून लाल हाउसचे झाले 912 आणि निळ्याचे 158! पडद्यावर फक्त क्रमांक दिसत होते, त्यामुळे कोणाला कळले नाही.

मी टाइपस्क्रिप्ट वापरली होती. मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये आणलेली ही भाषा म्हणजे टाइपांची जोड दिलेली जावास्क्रिप्ट. ‘एकूण’ ही संख्याच असेल, असे मी त्यात लिहिलेही होते. मग चूक निसटली कशी? त्यासाठी कामाचे टप्पे पाहू.

1. तपासणी : टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, म्हणजे टीएससी, संख्येच्या जागी अक्षरे आली की चूक दाखवतो.
2. रूपांतर : ब्राउझरला टाइप कळत नाहीत. ते काढून साधी जावास्क्रिप्ट उरते.
3. बंडलिंग : अनेक फाइली जोडून एक केली जाते. न वापरलेला भाग गाळता येतो.
4. मिनिफाय : मोकळ्या जागा व टिपा काढतात, आतली नावे छोटी करतात. फाइल हलकी होते, काम तेच राहते. मूळ ओळ सापडावी म्हणून सोबत सोर्स मॅप ठेवतात.

मी घाईत फक्त ईएसबिल्ड चालवले. ते शेवटचे तिन्ही टप्पे झटपट करते, पण टाइप तपासत नाही, नुसते पुसून टाकते. फाइल विनातक्रार तयार झाली आणि मी ती बरोबर समजलो.

बाबा भिलाई पोलाद कारखान्यात आहेत. दल्ली-राजहराच्या खनिजापासून रेल्वेचे रूळ बनतात, ते त्यांनी मला लहानपणीच समजावले होते. माझी गोष्ट ऐकून ते म्हणाले, “अरे, रूळ दिसायला सरळ असला तरी आत तडा असू शकतो. म्हणून अल्ट्रासॉनिक तपासणी होते. गाडी गेल्यावर तपासून काय उपयोग?”

आता माझ्या बांधणीच्या आज्ञेत टीएससी आधी चालतो. त्याने चूक दाखवली की पुढचे काम थांबते. चौकटीतला मजकूर मी आधी संख्येत बदलतो, आणि 9 व 12 देऊन 21 येतात का, हेही पाहतो.

सुट्टीनंतर मी निळ्या हाउससमोर उभा राहून चूक कबूल केली. फलक दुरुस्त झाला. मित्रांनो, परेडआधी इन्स्पेक्शन का असते, हे मला त्या दिवशी नीट समजले.