धाकट्या भावंडाची राखण

कापूस वेचणीचे दिवस आले म्हणजे जळगांव व धुळें जिल्ह्यांतील खेडीं सकाळींच ओस पडतात. आईबाप शेतावर जातात, आणि झोळींत निजलेलें मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हवालीं होतें. "बाई, ह्याला सांभाळ," एवढेंच तिचें शिक्षण! जो शेतकरी नव्या बैलजोडीचा कासरा अजाण पोराच्या हातीं देत नाहीं, तोच आपलें तान्हें मात्र बिनधोक देतो, ह्याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. म्हणून हा पाठ आम्ही थोरल्या बहिणींसाठीं, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईबापांसाठीं, लिहीत आहों. उपदेशकांनीं तो मंडळींत वाचून दाखवावा.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायांतील थोरली बहीण आपणांस ठाऊकच आहे. लव्हाळ्यांत ठेवलेल्या पेटाऱ्यावर तिनें दुरून नजर ठेविली, आणि वेळ येतांच आईला बोलावून आणिलें. नजर न काढणें व कोणाला बोलवावें हें आधींच ठाऊक असणें, ह्या दोहोंत राखणीचें बहुतेक काम आलें.

रांगतें मूल बुडावयास विहीर लागत नाहीं. वीतभर पाण्याच्या बादलींत तें डोक्यावर पडतें, त्याला वर येतां येत नाहीं, आणि रडण्याचा आवाजहि होत नाहीं. म्हणून बादल्या पालथ्या घालाव्या, रांजणावर झांकण ठेवावें, चूल विझवावी, आणि हें सर्व आईनें निघण्यापूर्वीं करावें. कपाशीवर फवारण्याचें औषध कित्येक घरीं थंड पेयाच्या रिकाम्या बाटलींत ओतून कोनाड्यांत ठेवितात. मुलाला काय ठाऊक, आंत काय आहे! तें मूळच्याच डब्यांत व कुलुपांत ठेवणें हें बापाचें काम होय. त्याचा भार मुलीवर टाकूं नये.

आतां भुईमुगाविषयीं. रडणाऱ्या भावाला उगी करण्यास बहीण प्रेमानें दाणा देते, आणि तोच श्वासनळींत अडकतो. पांच वर्षांच्या आंतील मुलाला अख्खा दाणा देऊं नये. बारीक कुटून द्यावा. मूल जोरानें खोकत असल्यास खोकूं द्यावें. परंतु आवाज बंद झाला व तोंड निळें पडूं लागलें, तर मदतीसाठीं ओरडावें. एक वर्षाच्या आंतील बाळाला हातावर पालथें घेऊन, डोकें खालीं ठेवून, दोन खांद्यांच्या मध्यें तळहातानें पांच जोरदार थापा द्याव्या. तेवढ्यानें न निघाल्यास उताणें करून छातीच्या मध्यभागीं पांच वेळां दाबावें, आणि दाणा पडेपर्यंत हें आळीपाळीनें चालू ठेवावें. घशांत आंधळेपणानें बोट घालूं नये. दाणा आणखी आंत जातो. मोठ्या मुलाला पुढें वांकवून तशाच थापा द्याव्या, व त्यापुढचा उपाय आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकेकडून शिकून घ्यावा. हें नुसतें वाचून येत नाहीं. रविवारीं भक्तीनंतर चिंध्यांची बाहुली करून मुलींनीं, आणि मुलग्यांनींहि, सराव करावा.

शेजारीं कोणती मोठी बाई घरीं राहणार, हें मुलीला सांगून जावें. आईचा व आशाताईंचा भ्रमणध्वनी क्रमांक, आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे भिंतीवर कोळशानें मोठ्या अक्षरांत लिहावे.

सहा महिन्यांच्या आंतील बाळाला आईच्या दुधावांचून कांहीं देऊं नये, उन्हाळ्यांत पाणीहि नाहीं. आजीबाईंस हें पटणार नाहीं, तरी वैद्यकीय मत स्पष्ट आहे. तेव्हां असलें बाळ दिवसभर आईवेगळें ठेवूंच नये. त्याची झोळी बांधावरच्या लिंबाला बांधावी. मात्र फवारणी चालली असेल त्या शेतांत त्याला कदापि नेऊं नये.

बारा वर्षांच्या आंतील मुलीवर तान्हें एकटें सोंपवूं नये, आणि शाळेच्या दिवशीं तर कोणत्याच मुलीला राखणीसाठीं घरीं ठेवूं नये, असें आमचें मत आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा सन २०१० पासून लागू आहे. तीन वर्षांवरील भावंडासाठीं अंगणवाडी आहे; ती योजना सन १९७५ मध्यें सुरू झाली. सन २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यानें तर असें ठरविलें होतें कीं, कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांच्या आंतील पांच किंवा अधिक मुलें आलीं, तर त्यांतील एका स्त्रीला राखणीस नेमावें व तिला मजुरी द्यावी. कायद्यानें जें मजुरीचें काम मानिलें, तें आमच्या घरची पोर फुकट करिते, आणि वर शाळाहि गमावते! चार-पांच घरांनीं मिळून वेचणीच्या दिवसांपुरती एखाद्या जाणत्या बाईची रोजी द्यावी. वांटून घेतली म्हणजे ती जड जाणार नाहीं.

सुटीच्या दिवशीं मोठ्या बहिणीनें खुशाल सांभाळावें. संध्याकाळीं आईनें हातपाय धुऊन बाळ प्रथम आपल्याकडे घ्यावें, त्यानें काय खाल्लें, केव्हां निजलें, हें विचारावें, आणि मुलीला खेळावयास सोडावें.