समुद्रावरची शाळा : ‘कॅप्टन्स करेजस’ आणि आपला किनारा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी आमच्या वर्गाला एक जुना कृष्णधवल चित्रपट दाखविला. चित्रपटाचे नाव ‘कॅप्टन्स करेजस’. व्हिक्टर फ्लेमिंग यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३७ साली हॉलिवूडमध्ये तयार झाला. ज्या कादंबरीवरून तो घेतला आहे ती रुडयार्ड किपलिंग यांनी १८९७ साली लिहिली. किपलिंग यांचा जन्म १८६५ साली आपल्या मुंबईतच झाला. त्यांचे वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवीत असत.

चित्रपट सर्वांना आवडला, मलाही आवडला. मात्र तलासरीला परत जाताना एसटीत एक प्रश्न मनात घोळत राहिला. होडीवर काम करणारा मुलगा ‘शिकतो आहे’ असे आपण केव्हा म्हणतो आणि ‘राबतो आहे’ असे केव्हा म्हणतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा माझ्या कुवतीप्रमाणे विचार केला आहे.

प्रथम कथानक थोडक्यात सांगतो. हार्वे हा एका कोट्यधीशाचा एकुलता एक मुलगा. लाडाने बिघडलेला, खोटे बोलणारा, पैशाने सर्व काही विकत मिळते असे मानणारा. शाळेने त्याला काही काळासाठी घरी पाठविलेले असते. बापाबरोबर मोठ्या आगबोटीने जात असता तो समुद्रात पडतो. मॅन्युएल नावाचा पोर्तुगीज मच्छीमार त्याला आपल्या लहान होडीत ओढून घेतो आणि आपल्या गलबतावर नेतो. हार्वे हुकूम सोडतो, “मला ताबडतोब घरी पोहोचवा, माझा बाप पैसे देईल.” कप्तान डिस्को ट्रूप त्याचे काही एक ऐकत नाही. गलबत मासळीने भरल्याशिवाय परत फिरायचे नाही, तोवर काम कर आणि पगार घे, असे तो बजावतो.

येथून हार्वेचे खरे शिक्षण सुरू होते. चित्रपटातील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटला. मॅन्युएलने लावलेली पैज त्याने जिंकावी म्हणून हार्वे दुसऱ्या खलाशाची गळाची दोरी मुद्दाम गुंतवून ठेवतो. त्या गुंत्यामुळे त्या खलाशाच्या हातात गळ घुसतात. हार्वेला प्रथमच लाज वाटते आणि तो आपला गुन्हा कबूल करतो. शाळेच्या चार भिंतींत जे त्याला कोणी शिकवू शकले नाही, ते एका दोरीने शिकविले. शेवटी बंदराकडे परतताना दुसऱ्या गलबताशी शर्यत लागते, डोलकाठी मोडते, मॅन्युएल दोरखंडांत अडकून पाण्यात पडतो आणि हार्वेच्या डोळ्यांदेखत बुडतो. मॅन्युएलची भूमिका करणाऱ्या स्पेन्सर ट्रेसी यांना त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, ते योग्यच वाटते.

पुढे मी कादंबरी मिळवून वाचली. तिचा शेवट निराळा आहे. तेथे मॅन्युएल मरत नाही. काही वर्षांनंतर हार्वे आणि कप्तानाचा मुलगा डॅन यांची पुन्हा भेट होते. गलबतावर हार्वेला काम शिकविणाऱ्यांत डॅनही होता. आता हार्वे महाविद्यालयाचे शिक्षण संपवीत आला आहे आणि बापाच्या मालवाहू जहाजांचा कारभार हाती घेणार आहे. डॅन त्याच जहाजांपैकी एकावर दुय्यम अधिकारी झालेला आहे. लेखकाने हा शेवट आनंदाचा म्हणून लिहिला आहे. दोघेही मित्र आहेत, दोघेही खुशीत आहेत. परंतु मला तेथे थांबावेसे वाटले. दोघे एकाच गलबतावर शिकले, त्यांत डॅन अधिक कुशल, तरी मालक होणार हार्वे! समुद्राने दोघांना एकच धडा दिला. फरक पडला तो किनाऱ्यावर कोण वाट पाहत होते यामुळे.

आपल्या देशातही जहाजावर मुलांना शिकविण्याचा प्रयोग झाला आहे. इंग्रजी अमदानीत परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. सारंग, तांडेल, भंडारी (म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी), कोळसा ओढणारे, सगळे आपलेच लोक. अधिकाऱ्याची जागा मात्र हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होती. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्याची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. जहाज आपले झाले, तरी ते चालविणारे अधिकारी कोठून आणायचे? म्हणून १९२७ साली मुंबईत माझगावजवळ ‘डफरिन’ हे जुने सैन्यवाहू जहाज प्रशिक्षणासाठी नांगरून ठेवण्यात आले. मुले त्यावरच राहत व शिकत. पहिल्या तुकडीतील रामदास कटारी हे पुढे १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. १९७२ साली ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून हे शिक्षण नवी मुंबईत किनाऱ्यावर, ‘चाणक्य’ या संस्थेत होऊ लागले. ‘डफरिन’वरचा मुलगाही डेक धूत असे आणि दोर ओढत असे. पण त्या कामाला कोणी मजुरी म्हटले नाही. त्याला शिक्षण म्हटले, कारण शेवटी परीक्षा होती आणि परीक्षेनंतर वरची पायरी होती.

आता आपल्या भागाकडे वळू. डहाणू, धाकटी डहाणू, वरोर, झाई येथील कोळी-मांगेला बांधव पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या पाड्यांवरील वारली तरुणही खलाशी म्हणून जातात, हे कित्येकांना माहीत नसते. पावसाळ्यातील मासेमारी बंदी उठली की ते ओखा, पोरबंदर, वेरावळ येथील ट्रॉलरवर निघतात आणि उन्हाळा सरताना परत येतात. जाण्यापूर्वी उचल मिळते. त्या उचलीत कोणाच्या घराचे पत्रे येतात, कोणाचे लग्न होते. जलसीमेजवळ बोट पकडली गेली तर कराचीच्या तुरुंगात वर्षे जातात. मे व जून २०२३ मध्ये पाकिस्तानने सुमारे चारशे भारतीय मच्छीमार सोडले, तेव्हा मोकळे होणे म्हणजे काय ते आपल्याकडील घरांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

माझा मोठा भाऊ आठवीनंतर, चौदाव्या वर्षी, भंडारी म्हणून बोटीवर गेला. आज तो तेवीस वर्षांचा आहे. माझी अकरावीची फी त्याच्या उचलीतून भरली. मे महिन्यात तो घरी आला तेव्हा मी त्याला मोबाइलवर हा चित्रपट दाखविला आणि मराठीत सांगत गेलो. कप्तान परत फिरायला नकार देतो तेव्हा दादा म्हणाला, “बरोबर केलं त्याने. एका पोरासाठी भरायच्या आधी बोट कोण फिरवील?” मॅन्युएल दोरांत अडकला तेव्हा तो काहीच बोलला नाही. नुसता आपला डावा हात चोळत राहिला. दोन वर्षांपूर्वी वायररोप ओढताना त्या हाताची दोन बोटे चिरडली होती; ती अजून मिटत नाहीत. चित्रपट संपल्यावर त्याने विचारले, “त्या पोराने हे सगळं लिहून ठेवलं का रे कुठे?”

हा प्रश्न मला आजवर सोडीत नाही. मालवाहू जहाजावरील खलाशाकडे सी. डी. सी. नावाची वही असते. कोणत्या जहाजावर, कोणत्या कामावर, किती दिवस, हे सर्व तिच्यात नोंदले जाते. त्या वहीच्या बळावर तो पुढची परीक्षा देतो. दादाच्या नऊ हंगामांची नोंद कोठेही नाही. त्याला वारा कळतो, जाळे शिवता येते, जी. पी. एस. वाचता येतो, इंजिन बिघडले तर चालू करता येते. पण मालवाहू जहाजावर साधा खलाशी होण्याच्या प्रशिक्षणालासुद्धा निदान दहावी लागते, आणि तो आठवी झालेला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात लग्नगड्यांची हकिगत आहे. लग्नासाठी कर्ज घेऊन सावकाराकडे राबणारी ती माणसे आमच्याच पाड्यांवरची होती. १९४५ च्या उठावाने ती वेठ मोडली. आजची उचल ही वेठ नव्हे, हे मी जाणतो. दादा स्वतःच्या मर्जीने जातो व पगार आणतो. तरीपण ज्या कामातून वर जाण्यास पायरीच नाही, त्या कामाला शिक्षण म्हणायला माझी जीभ अडखळते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी त्यास वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्या वादाचा निवाडा करणे या लेखाचा हेतू नाही. पण बंदर झाले तर जगातील सर्वांत मोठी मालवाहू जहाजे आपल्या दारात उभी राहतील. त्यांवर आपल्यातले कोण चढेल आणि काय म्हणून चढेल, हे आजच ठरत आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, एक सूचना करतो. बंदीचे दोन महिने खलाशी घरी असतात. त्या काळात आपण त्यांना शिकवू शकतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. आपल्यापैकी दहा जणांनी संध्याकाळचा एक-एक तास इंग्रजी व गणितासाठी दिला तर काही जण तरी पुढच्या पायरीवर पोहोचतील. बोटीवर आपल्याला कधी काम करावे लागले तर तेच आपले गुरू होतील, तेव्हा हा व्यवहार एकतर्फी नाही.

यंदा मी दादाची सुरुवात केली. तो म्हणतो, “माझं वय गेलं.” मी म्हणतो, “तेवीस हे काही वय नाही.” बीजगणिताची पहिली दोन प्रकरणे झाली आणि बंदी उठली. ओख्याला जाताना त्याने कपड्यांच्या पिशवीत शंभर पानी वही घातली. गणितासाठी नेली की नोंदीसाठी, ते मी विचारले नाही. तो मे महिन्यात परत येईल तेव्हा पाहीन.